लोणच्याची बरणी आणि मेडिकेअर

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या अंकात एका ज्येष्ठ डॉक्टरांनी लेख लिहिला आहे. त्यांना सगळे डॉक्टरकाका म्हणतात, मीही म्हणते. न्यू जर्सीत त्यांनी अख्खी हयात प्रॅक्टिस केली, निम्म्या मंडळाची ब्लडप्रेशरं त्यांनी मोजली आहेत, त्यामुळे ते बोलतात तेव्हा लोक ऐकतात. लेखाचा मथितार्थ असा: कोविडच्या नडीला मेडिकेअरने, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यविम्याने, म्हाताऱ्या माणसांना घरबसल्या फोनवर, व्हिडिओवर डॉक्टर दिला. नड सरली, आता ही सवलत आवरती घ्यावी. नाडी फोनवर सापडत नाही. घरबसल्या मिळतंय म्हणून माणसं उठसूट फोन करतात. लबाडांचं त्यात फावतं. आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप, त्या ऐंशीच्या आजींना व्हिडिओ लावताही येत नाही.

नाडीचं मला मान्य आहे. बाकी सगळ्यावर, काका, भांडण आहे.

माझी आई एक्क्याऐंशी वर्षांची. सातारा सोडून माझ्याकडे एडिसनला आली त्याला आता तेरा वर्षं होतील. इकडे ग्रीन कार्डावर सलग पाच वर्षं काढली की पासष्टीपुढच्या माणसाला मेडिकेअर विकत घेता येतं. विकतच, कारण इथे दहा वर्षं नोकरी केलेल्यांना हॉस्पिटलचा ‘भाग अ’ बिनहप्त्याचा मिळतो, आईसारख्यांना नाही. २०२५ मध्ये ‘अ’चा पूर्ण हप्ता महिन्याला ५१८ डॉलर आणि डॉक्टरच्या ‘ब’चा १८५. हे पैसे कोण भरतं ते सोडा. सांगायचं एवढंच, की ‘सवलत’ हा शब्द वाचला की माझ्या डोळ्यांपुढे बँकेचं स्टेटमेंट येतं.

आईच्या हार्टचं पंपिंग कमी आहे. रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं, वहीत लिहायचं, पाण्याची गोळी एक की दीड ते त्यावर ठरतं. दोन दिवसांत वजन भराभर वाढलं की समजायचं, अंगात पाणी साठतंय. गेल्या उन्हाळ्यात तसं झालं तेव्हा तिच्या कार्डिऑलॉजिस्ट बाईंनी त्याच दुपारी व्हिडिओवर वेळ दिला. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी आई बसली, मी फोन धरला. बाई म्हणाल्या, पायमोजे काढा. मोज्यांच्या इलॅस्टिकची रेघ नडगीवर उमटली होती, ती त्यांनी पाहिली. मग मला म्हणाल्या, घोट्याच्या वर हाडावर अंगठ्याने दाबून धरा, आता सोडा, फोन आणखी जवळ न्या. खड्डा पडला होता आणि तो भरून यायला किती वेळ लागतोय ते बाई त्यांच्या खोलीत बसून मोजत होत्या. अंगठा माझा, डोळे त्यांचे.

आणि मग त्यांनी विचारलं, मागे ती काचेची बरणी कसली?

मी दुभाष्या. खरं सांगावं लागलं. कैरीचं लोणचं. आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी चौथीत असल्यासारखं वाटलं. दवाखान्यात दर खेपेला तिला मिठाबद्दल विचारलं जाई आणि दर खेपेला ती सांगे, ‘अगदी बेताचं.’ दवाखान्यात बरणी नसते ना! तिथे आई ठेवणीतली साडी नेसून, केस विंचरून, मुलाखतीला गेल्यासारखी बसते. घरातली आई, तिच्या गोळ्यांचा सात कप्प्यांचा डबा, त्यात बुधवारची गोळी गुरुवारपर्यंत तशीच पडलेली, हे सगळं त्या दिवशी पहिल्यांदा डॉक्टरांच्या नजरेला पडलं. काका, तुमच्या पिढीचे डॉक्टर कधीकाळी घरी येत. शेगडीजवळ काय ठेवलंय ते तुम्ही बघत असाल. दवाखाना मोठा झाला आणि ते बघणं गेलं. त्यातलं थोडं या फोनने परत आणलं तर त्याला उणं मानायचं काय कारण?

हात लावायची गरज पडली तर? पडतेच. आईला एकदा खोकला लागला तेव्हा याच बाईंनी व्हिडिओवर दोन मिनिटं ऐकून ‘आत्ताच्या आत्ता इकडे आणा’ म्हणून सांगितलं. व्हिडिओवर काय भागतं आणि काय नाही, हा वैद्यकीय निर्णय आहे आणि तो घ्यायचं शिक्षण डॉक्टरांनी घेतलेलं असतं. माझं भांडण आहे ते हा निर्णय डॉक्टरच्या हातून काढून नकाशाच्या हाती देणाऱ्या कायद्याशी.

तो कायदा काकांनी लेखात कुठेच सांगितलेला नाही, म्हणून मला सांगावा लागतो. सामाजिक सुरक्षा कायद्यातलं कलम १८३४ (एम). २००० साली काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, ते घातलं आणि १ ऑक्टोबर २००१ पासून ते लागू झालं. तेव्हा स्मार्टफोन नव्हते, बहुतेक घरांत इंटरनेट टेलिफोनच्या तारेवरून किरकिरत यायचं. त्या काळाला धरून कलमाने दोन अटी घातल्या. पेशंट ग्रामीण भागातला हवा. आणि व्हिडिओ चालू असताना तो कुठल्या तरी दवाखान्यात किंवा हॉस्पिटलात बसलेला हवा, घर चालणार नाही. म्हणजे डॉक्टर लांब आहे म्हणून व्हिडिओ, आणि व्हिडिओसाठी उठून दुसऱ्या डॉक्टरच्या दारात जायचं! एडिसन न्यूयॉर्कच्या महानगर क्षेत्रात मोडतं. आईच्या पायाला कितीही सूज असली तरी तिचा पत्ता शहरी, त्यामुळे जुन्या कलमाच्या लेखी तिला व्हिडिओची गरजच नाही.

मार्च २०२० मध्ये या दोन्ही अटी स्थगित झाल्या. स्थगित, रद्द नव्हे. त्याआधी, २०१९ च्या अख्ख्या वर्षात, मूळ मेडिकेअरखाली दूरस्थ तपासण्या झाल्या होत्या सुमारे ८ लाख ४० हजार. २०२० मध्ये झाल्या ५ कोटी २७ लाख. हा आकडा दाखवून लोक म्हणतात, बघा कसा लोंढा आला. लोंढा आला तो दवाखान्यांना कुलपं होती म्हणून. पुढे काय झालं तेही सांगा की. २०२० मध्ये जवळजवळ निम्म्या लाभार्थींनी दूरस्थ सेवा घेतली होती. दारं उघडली तसं हे प्रमाण उतरत उतरत पावाच्या आसपास येऊन थांबलं. उठसूट फोन करणारी माणसं असती तर ते उतरलं कशाला असतं? शिवाय हे काही फुकट नाही. वर्षाची सुरुवातीची ठरलेली रक्कम खिशातून गेली की पुढच्या प्रत्येक भेटीचे वीस टक्के पेशंटनेच द्यायचे, मग ती भेट खोलीत असो की फोनवर. साताऱ्याच्या बाईला तुम्ही वीस टक्के उधळायला शिकवू शकत नाही, हे मी खात्रीने सांगते.

खर्चाबद्दल मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी, कारण ती खरी आहे. मेडिकेअरवर काँग्रेसला सल्ला देणारा आयोग आहे, मेडपॅक. त्याने जून २०२३ च्या अहवालात म्हटलं, की जिथे दूरस्थ सेवा जास्त वापरली गेली तिथे मोजता येणाऱ्या दर्जात फारसा फरक पडला नाही, काहींना डॉक्टर मिळणं थोडं सोपं झालं आणि मेडिकेअरचा खर्च किंचित वाढला. किंचित वाढला, बरोबर. ज्यांना डॉक्टरच मिळत नव्हता त्यांना मिळायला लागला की खर्च वाढणारच. बस बंद केली की डिझेलही वाचतं.

आणि काका, तुम्ही ज्याला उधळपट्टी म्हणता ती खाजगी विमा कंपन्या २०२० पासून राजीखुशीने करताहेत, याचं काय? आज मेडिकेअरच्या निम्म्याहून जास्त माणसांनी मूळ सरकारी योजनेऐवजी खाजगी कंपन्यांचे अॅडव्हांटेज प्लॅन घेतलेत. २०१८ च्या एका कायद्याने या प्लॅनना पेशंटचं गाव न विचारता, घरी बसल्या पेशंटला दूरस्थ सेवा द्यायची मुभा दिली. त्यांना सरकारकडून माणशी ठरीव रक्कम मिळते. प्रत्येक जादा भेट त्यांच्या नफ्यातून जाते. दमडीदमडीचा हिशेब ठेवणारी, साध्या स्कॅनलाही आधी परवानगी घ्यायला लावणारी ही मंडळी. फोनवरच्या डॉक्टरने दिवाळं निघत असतं तर त्यांनी तो पहिल्या तिमाहीत बंद केला असता. म्हणजे २००१ चं कुलूप आता फक्त त्यांच्यासाठी उरलं, ज्यांनी सरकारी योजनेवर विश्वास ठेवला.

आता लबाडी. हा मुद्दा मी हलक्यात घेत नाही, कारण आईलाही गुडघ्याचे पट्टे फुकट देतो म्हणून फोन आलेले आहेत. काकांनी लेखात अब्जावधींच्या घोटाळ्यांचा उल्लेख केला आहे. तपशील दिला असता तर बरं झालं असतं. एप्रिल २०१९ मध्ये न्यायखात्याने पट्ट्यांचा घोटाळा उघडा पाडला, नुकसान १२० कोटी डॉलरच्या वर. त्याच वर्षी सप्टेंबरात जनुकीय चाचण्यांचा दुसरा, २१० कोटींच्या घरातला. दोन्हींत टेलिमेडिसिन कंपन्या होत्या हे खरं. पण तारखा बघा. दोन्ही २०१९ च्या, म्हणजे तेव्हा आईसारख्या शहरी पेशंटच्या घरच्या व्हिडिओभेटीला मेडिकेअर छदामही देत नव्हतं! कुलूप जागेवर होतं आणि चोरी तरीही झाली, कारण चोर त्या दाराने आलाच नव्हता. पैसा भेटीच्या फीमध्ये नव्हता, तो पट्ट्यांत आणि चाचण्यांत होता. डॉक्टरला लाच देऊन पेशंटला न पाहता, फार तर दोन मिनिटं फोनवर बोलून, ऑर्डरवर सही घेतली जाई.

आणि कुलूप काढल्यावर काय झालं, तेही सरकारनेच तपासलं आहे. आरोग्यखात्याच्या महानिरीक्षकांनी साथीच्या पहिल्या वर्षाची बिलं चाळली. दूरस्थ सेवेची बिलं लावणारे सुमारे ७ लाख ४२ हजार डॉक्टर व इतर सेवादाते; त्यांत बिलांवरून दाट संशय यावा असे १,७१४. हजारात दोन-तीन. त्यांना मिळालेले पैसे १२ कोटी ७७ लाख डॉलर. थोडे नाहीत, वसूल करा. यावरचा उपाय मेडपॅकनेच २०२१ मध्ये सुचवला होता: महागडं उपकरण किंवा महागडी चाचणी लिहून द्यायची असेल तर त्याआधी प्रत्यक्ष तपासणी सक्तीची करा. करा की! आईचा पाय व्हिडिओवर पाहायला कोणी पट्टा विकायला लागत नाही.

ऐंशीच्या आजींना व्हिडिओ जमत नाही, हे तर खरंच आहे. आमच्याच ओळखीत एक आजोबा आहेत, ते व्हिडिओवर फक्त कपाळ दाखवतात. म्हणूनच २०२० मध्ये साध्या फोनवरचं बोलणंही मेडिकेअरने मान्य केलं आणि २०२५ च्या नियमांत ते कायम केलं: पेशंट घरी असेल, डॉक्टरकडे व्हिडिओची सोय असेल, पण पेशंटला तो जमत नसेल किंवा नको असेल, तर नुसता आवाज चालेल. पण ही सोय टिकून उपयोग काय, जर घर हे ठिकाणच उद्या कायद्यातून गेलं? ज्याला व्हिडिओ जमत नाही त्याचा फोनही काढून घ्या, हा युक्तिवाद मला तरी कळलेला नाही. तिकडे भारतात २५ मार्च २०२० ला निघालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी व्हिडिओ, नुसता आवाज आणि लिखित निरोप तिन्ही मार्ग डॉक्टरांना खुले केले, कुठे काय चालेल याच्या मर्यादा घालून. पेशंट खेड्यातला की शहरातला, खुर्चीत की खाटेवर, हे त्यात कोणी विचारलं नाही. तिथे विमा किती पुरा पडतो हा वेगळा आणि लांबलचक विषय आहे, पण प्रश्न निदान बरोबर विचारला गेला.

माझा खरा राग मात्र या चार मुद्द्यांवर नाही. काका ‘सवलत आवरती घ्या’ असं लिहितात तेव्हा त्यांना वाटतं ती भक्कम उभी आहे. ती कधी उभीच नव्हती. पुण्यामुंबईत भाड्याने राहिलेल्यांना अकरा महिन्यांचा करार माहीत असतो. घर तेच, घरमालक तोच, पण दर अकरा महिन्यांनी पोटात गोळा. इथे अकरा महिनेही धड मिळाले नाहीत. मार्च २०२२ च्या कायद्याने साथीची आणीबाणी संपल्यावर आणखी १५१ दिवस दिले. डिसेंबरात ती मुदत २०२४ अखेरपर्यंत गेली. मग ऐन नाताळाच्या तोंडावर ३१ मार्च २०२५. मार्चमध्ये ३० सप्टेंबर. आणि ३० सप्टेंबरला काँग्रेसमध्ये खर्चाचं विधेयक अडलं, सरकारच बंद पडलं आणि मुदतवाढीचा कागद त्या गाठोड्यात बांधलेला राहिला.

१ ऑक्टोबरच्या सकाळी काही झालं नव्हतं. आईचं वजन कालच्याइतकंच होतं. दवाखान्यातून फोन आला, की चौदा तारखेची व्हिडिओभेट ठेवायची असेल तर एक फॉर्म भरून द्या. मेडिकेअरकडून बहुधा पैसे मिळणार नाहीत, अशी आगाऊ सूचना असते त्याचा. त्यावर तीन चौकोन असतात. पहिला: सेवा हवी, मेडिकेअरला बिल लावा, त्यांनी नाकारलं तर मी भरीन. दुसरा: सेवा हवी, बिल लावू नका, मीच भरते. तिसरा: सेवा नको. मी आईला एकेक वाचून दाखवला. तिने विचारलं, किती होतील? दवाखान्यातल्या मुलीला नक्की सांगता येईना, आणि तिचा त्यात दोष नव्हता. आईने चष्मा पुसला आणि तिसऱ्या चौकोनात खूण केली. ‘सूज नाहीये आत्ता. उगाच कशाला?’

सूज असेल की नाही हे बघायलाच ती भेट होती.

त्याच सुमाराला, त्याच कलमाच्या अपवादांमुळे, काही जणांची सेवा चालू होती. मानसिक उपचार घरी बसून चालत होते, नवीन पेशंटला आधी एकदा समक्ष जाण्याची अट घालून. घरी डायलिसिस करणाऱ्यांची महिन्याची तपासणी चालू होती. पक्षाघाताचा झटका आला तर शहर-खेडं कोणी विचारत नव्हतं. हे अपवाद काँग्रेसने वेळोवेळी केले ते योग्यच केले. पण मूत्रपिंडाला घर चालतं आणि हृदयाला चालत नाही, याचं वैद्यकशास्त्रातलं कारण डॉक्टरकाकांनी पुढच्या अंकात जरूर लिहावं.

४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला, सरकार उघडलं. मुदतवाढ मिळाली, तीही मागच्या तारखेपासून. त्या काळातल्या भेटींचे पैसे मिळणार. मंडळात कोणीतरी म्हणालं, मग नुकसान काय झालं? दवाखान्याचं बिल मागच्या तारखेने चुकतं होतं. चौदा ऑक्टोबरची भेट मागच्या तारखेने होत नाही. ऑक्टोबरअखेर आईचं वजन चढलं, मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिला गाडीत घातलं, एवढ्यावर निभावलं. माझ्याकडे रजा आहे, गाडी आहे. आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये असे किती आजी-आजोबा आहेत, ज्यांनी रात्रीचं दिसत नाही म्हणून गाडी सोडली आणि मुलं कॅलिफोर्नियात. इथे कोपऱ्यावर रिक्षा उभी नसते.

नवी मुदत होती ३० जानेवारी २०२६. जेमतेम अडीच महिने!

हे असं का चालतं, त्यातही काही गूढ नाही. काँग्रेसचं अर्थसंकल्प कार्यालय प्रत्येक विधेयकाचा पुढच्या दहा वर्षांचा खर्च मांडतं. कायमची सोय केली की दहा वर्षांचा आकडा एकदम छापून येतो आणि तो कुठून भरायचा ते सांगावं लागतं. तीन महिन्यांची मुदतवाढ किरकोळ दिसते. विरोध म्हणावा तर कुठे आहे? हवाईचे डेमोक्रॅट ब्रायन शाट्झ आणि मिसिसिपीचे रिपब्लिकन रॉजर विकर यांनी २०१६ पासून पुन्हापुन्हा मांडलेलं ‘कनेक्ट फॉर हेल्थ’ विधेयक गावाची आणि घराची अट कायमची काढून टाकतं. एप्रिल २०२५ मध्ये ते परत मांडलं तेव्हा शंभरातले साठ सिनेटर त्यामागे होते. आजच्या वॉशिंग्टनमध्ये साठ सिनेटर सूर्य पूर्वेला उगवतो यावरही सही करतील की नाही याची मला शंका आहे. तरी ते पडून राहिलं, कारण किरकोळ दिसणारी मुदतवाढ हाताशी होती. दवाखान्यांनी मात्र या अडीच-अडीच महिन्यांच्या भरवशावर नर्स नेमायच्या, वेळापत्रकं लावायची आणि म्हाताऱ्या माणसांना पुढची तारीख द्यायची.

काकांनी लेखाच्या शेवटी लिहिलंय, की म्हातारपणी माणसाला माणसाचा सहवास हवा, स्क्रीन नको. हवाच. आईला रोज संध्याकाळी खालच्या बाकावर बसायला चार बायका लागतात. पण कार्डिऑलॉजिस्टच्या वेटिंग रूममध्ये पाऊण तास, समोर टीव्हीवर बातम्या लावलेल्या, याला सहवास म्हणायचं असेल तर काकांनी एकदा पेशंटच्या खुर्चीत बसून बघावं.

आईची पुढची भेट फेब्रुवारी २०२६ मध्ये होती. दवाखान्यातल्या त्या मुलीने तिला त्याच आठवड्यातल्या दोन तारखा देऊन ठेवल्या होत्या, एक व्हिडिओची आणि एक समक्ष यायची. ३० जानेवारीला काय होतं ते बघून त्यातली एक खोडायची होती. दोन्ही तारखा आईने वजनाच्या वहीत लिहिल्या होत्या. लोणच्याची बरणी तिने कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेताने मिक्सरच्या मागे सरकवून ठेवली आहे. मी बघितलंय, पण अजून काही बोललेले नाही.